कळवावे की कळवू नये

“इस्त्री कशाला? त्या माणसासाठी नटून जायचंय का मला?” चीफने बायकोच्या हातातून शर्ट ओढून घेतला आणि सुरकुत्यांसकट तसाच अंगात चढवला.

सकाळी त्याच्या जुन्या कप्तानाच्या सुनेचा फोन आला होता. डॉक्टरांनी हात टेकलेत, सासरे सारखी तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जा, जमलं तर काकूंनाही आणा. चीफने “बघतो” म्हणून फोन ठेवला आणि पाच मिनिटांत दाढीला बसला. सत्तावीस वर्षं तो या बोलावण्याची वाट बघत होता.

नौदलातून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी कॉलनीत सगळे त्याला जुन्या हुद्द्यानेच हाक मारायचे. तीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस पाणबुडीच्या इंजिनरूममध्ये गेली. “चीफ, पाणबुडीला खिडक्या असतात का हो?” असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, “असतात की. पडदेसुद्धा असतात.” एकाच बाकड्यावर पाळीपाळीने दोघं कसे झोपायचे, पहिल्याची ऊब जायच्या आत दुसरा कसा आडवा व्हायचा, महिना महिना आंघोळ कशी नसायची, हे तो रंगवून सांगायचा. पण गाडी शेवटी एकाच जागी येऊन अडायची, आणि मग ऐकणाऱ्यांना घरची कामं आठवायची.

ती जागा म्हणजे एक फॉर्म. पाणबुडी निघण्यापूर्वी प्रत्येकाने तो भरायचा. तुम्ही पाण्याखाली असताना घरी कोणी दगावलं, तर तिथेच कळवावं की परत आल्यावर? दोन चौकटी, एकीत खूण करायची. बहुतेक जण ‘परत आल्यावर’ पसंत करायचे. कळून तरी करणार काय? पाणबुडी म्हणजे काही टॅक्सी नव्हे, मागे फिरवायला. चीफ मात्र दर वेळी ‘कळवावे’वरच खूण करायचा. आपलं माणूस गेलं आणि आपण पत्ते कुटत बसलोय, हे त्याला सोसणारं नव्हतं.

साठ दिवसांच्या एका फेरीत, नवव्या दिवशी, त्याची पाच वर्षांची छकुली मेंदूज्वराने गेली. संदेश कप्तानाकडे आला. कप्तानाने तो स्वतःपाशीच ठेवला. चीफला कळलं ते धक्क्यावर उतरल्यावर, एक्कावन्न दिवसांनी.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. चीफने केलं, तेही पाण्याखाली राहून. वरपर्यंत अर्जावर अर्ज केले. चौकशी बसली. फॉर्मवरची खूण सगळ्यांना दिसत होती. कप्तान एवढंच म्हणाला, “निर्णय माझा होता.” त्याची बढती अडली ती कायमची. हाताखालचे डोक्यावर चढले आणि तो आहे त्याच हुद्द्यावर घरी बसला. ती बातमी कळली त्या दिवशी चीफ पोटभर जेवला होता.

“थांबा, मी पण येते,” बायको चपला घालत म्हणाली.

चीफ बघतच राहिला. कप्तानाचा विषय निघाला की ती उठून आत जायची, नळ सोडायची, भांडी वाजवायची. इतक्या वर्षांत तिने त्या माणसाला साधी एक शिवी दिली नव्हती. पोरीच्या उशाशी ती एकटी होती. आपल्यापेक्षा तिची जखम खोल, म्हणून तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे चीफने कधीच ओळखलं होतं.

“चल,” तो म्हणाला. “तुझ्याही मनातलं एकदाचं बाहेर पडू दे.”

“हो,” ती म्हणाली.

कप्तानाच्या खोलीत औषधांचा वास भरून राहिला होता. नाकात नळी, गालांची खोबणी झालेली. सुनेने दोन खुर्च्या मांडल्या आणि ती बाहेर गेली. बायको दाराशीच थांबली.

“आलास,” कप्तान म्हणाला. “बस.”

“बसायला नाही आलो, साहेब.” ‘साहेब’ म्हणायचं नाही असं वाटेत दहादा घोकलं होतं, तरी तोंडातून निसटलंच. त्यामुळे चीफ आणखी चिडला आणि त्याचा तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“इंजिनरूममध्ये मी तिच्यासाठी लाकडाचं बदक करत होतो. आठवतं? तुम्ही येता-जाता बघायचात. एकदा हातात घेऊन म्हणालात, ‘मान जरा घासून घे, पोरीला बोचेल.’ बोचेल! तिला जाऊन तेव्हा महिना झाला होता, आणि तुम्हाला ते माहीत होतं. मी पुढे दोन दिवस ती मान घासत बसलो, साहेब. माणूस आहात की कोण?”

कप्तान डोळे मिटून ऐकत होता.

“मी ‘कळवावे’ असं लिहून दिलं होतं. माझ्या लेकीसाठी रडायचा हक्क होता मला. मी मात्र तिकडे हसत होतो, गाणी म्हणत होतो. का केलंत असं? एवढंच सांगा. दुसरं काही नको मला. एकदा तरी खरं बोला!”

त्याचा आवाज फाटला. ज्याच्यापुढे रडायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्याचपुढे तो ढसाढसा रडला.

कप्तानाने डोळे उघडले. त्याची नजर चीफवरून पुढे सरकली आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोवर येऊन थांबली.

“वहिनी,” तो म्हणाला, “‘त्यांना कळवू नका’ हा निरोप किनाऱ्यावरून कोणी पाठवला होता, ते आता तरी सांगू का?”