घरात नसलेला शब्द

“डाव्या पायावर उडी मार,” सर म्हणाले.

भिंगरीने मारली. हसत मारली. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली, कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक नळ गळत होता. तिथल्या फरशीवर तिने लागोपाठ उड्या मारून दाखवल्या. आत बाकीच्या मुली छातीवर नंबर लावत होत्या. निवड चाचणीची शर्यत आता तोंडावर आली होती.

“दुखलं?”

“नाही सर. मस्त वाटतंय.”

तिचे बाबा बाजूला घामाघूम उभे होते. सरांना, तिच्या जुन्या प्रशिक्षकांना, त्यांनीच हाताला धरून आणलं होतं. पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. पोरीला याच सरांकडून काढून घेताना ‘तुमची पद्धत जुनी झाली’ असं ते तोंडावर बोलले होते, पण सरांनी ते उगाळलं नाही. आज अंग गरम करायला पळताना पोर डावा पाय तापल्या तव्यावर टाकावा तसा टाकत होती. ते पाहून बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सर फरशीवरच बसले. तिचा पाय मांडीवर घेऊन नडगीवरून अंगठा फिरवत खाली आले आणि एका जागी थांबले. तिथे दाबलं. भिंगरी हसतच होती. सर तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या पायाची बोटं बघत होते. बोटं आवळून पांढरी पडली होती.

“तोंडाला कुणीतरी शिकवलंय. बोटांना शिकवायचं राहून गेलं,” सर म्हणाले.

शिकवलं होतं वेगगुरूने. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. त्याला स्वतःला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. फिरत्या खुर्चीत बसून तो बाबांच्या फोनमधून बोलायचा. घोट्यांना वजनं बांधा, झोपेतसुद्धा सोडू नका. ‘दुखतंय’ हा शब्द घरातून हद्दपार करा, शब्द गेला की दुखणं जातं. आणि बाबांनी तो खरंच हद्दपार केला. शब्द तोंडातून निघाला की घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. स्वतःची दाढ ठणकली तेव्हा बाबासुद्धा गाल धरून ‘मस्त वाटतंय’ म्हणाले होते. आता हसावं की रडावं!

“हाडाला चीर पडलीय असं मला वाटतं,” सर म्हणाले. “एक्स-रे, तपासण्या झाल्याशिवाय नक्की सांगणार नाही. पण आज पळाली तर हाड मोडेल. भिंगरे, आज पळू नकोस.”

“बाबा सांगतील ते,” ती म्हणाली आणि बूट घ्यायला आत गेली.

“काहीतरी करा ना सर! पट्टी बांधा, इंजेक्शन द्या. एवढी एक शर्यत होऊ दे. वर्षभर पोरीने दुसरं काही बघितलं नाही हो!”

“पी हळद नि हो गोरी, असलं माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे विश्रांती आहे. ती घ्या.”

बाबांनी वेगगुरूला फोन लावला. पायाचं सगळं भडाभडा सांगितलं.

“ऐन वेळी शंका?” पलीकडून आवाज आला. “शंका बापाची, हार लेकीची. तुम्हीच कच्चे निघालात.”

“अहो, तिचं हाड आहे ते!” बाबा ओरडले. फोन केव्हाच कट झाला होता.

मग ते पंचांच्या टेबलाकडे धावले. नाव काढा, पाया पडतो, म्हणाले. पंचांनी मान वर केली. “मुलगी सज्ञान आहे. ती स्वतः म्हणाली तर आत्ता काढतो. पालकांच्या सांगण्यावरून नाही.”

भिंगरी मैदानाच्या फाटकाशी बूट बांधत बसली होती. बाबा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

“बाळा, दुखतंय ना? खूप दुखतंय ना? सांग मला. आज पळू नकोस.”

तिने दचकून पाहिलं. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते शिकवलेलं हसू आलं आणि बाबांना आठवलं. अधूनमधून परीक्षा घ्या, असंही वेगगुरूने सांगितलं होतं. लाडाने विचारा, पळू नको म्हणा, पोर फसतं का बघा. बाबांनी ते घरी केलं होतं. असंच गुडघ्यांवर बसून, असंच बाळा म्हणत. ती फसली होती, रडत रडत खरं बोलली होती. मग कितीतरी दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही.

“ही परीक्षा नाही गं! शप्पथ!”

“मागच्या वेळीही शप्पथ घेतली होतीस, बाबा.” तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि ती हसत होती. “मस्त वाटतंय मला. खरंच.”

ती उठून आत गेली. फाटकावरच्या माणसाने बाबांना अडवलं.

बाबा प्रेक्षकांच्या कठड्याकडे धावले. सर तिथे नव्हते. ते पलीकडे, स्ट्रेचर कुठे ठेवलंय ते विचारत फिरत होते.

“दुखतंय म्हण!” बाबा कठड्याला पोट लावून ओरडले. “भिंगरे, दुखतंय म्हण गं! मी बोलेन तुझ्याशी! रोज बोलेन!” शेजारच्यांना वाटलं, माणूस पोरीला जोर देतोय. तेही टाळ्या वाजवू लागले.

मुली रेषेवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. भिंगरीने आवाजाकडे पाहून हात हलवला. बाकी सगळ्या दोन पायांवर उभ्या होत्या. ती एकाच पायावर.