होडीशिवाय

लहानपणीच मधुमेह जडलेली वेदवती हर्णैच्या समुद्रात पोहायची, तेव्हा तिचे वडील जयराम तांडेल ग्लुकोज घेऊन होडीतून मागोमाग असायचे. इन्सुलिनमुळे दोनदा रक्तातली साखर एकदम उतरून ती बुडता बुडता वाचली होती.

यंदा डॉक्टरांनी तिच्याच पेशींपासून वाढवलेलं स्वादुपिंड तिच्या पोटात बसवलं आणि इन्सुलिनची इंजेक्शनं कायमची सुटली.

"बाबा, आज होडी नको," ती म्हणाली आणि लाटांत शिरली.

जयराम गुडघाभर पाण्यात उभे राहिले. ती दूरच्या खडकाला हात लावून परतली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"वेदू, किती सुरेख पोहतेस गं तू! इतकी वर्षं मी नुसतं तुझं डोकं पाण्यावर आहे ना, एवढंच बघत होतो."