वहीतली गावं

"तेवढी गाठ मारून द्या, अण्णा," म्हणत गौराक्कांनी लेकीच्या लग्नाच्या साड्या पुढं ठेवल्या. पिशव्या मात्र सीमेपलीकडं, त्यांच्या गावाजवळ नुकत्याच उघडलेल्या मोठ्या शोरूमच्या होत्या. "तिथं बस्त्याला हळदकुंकू लावत नाहीत. माझा बस्ता तुमच्या वडिलांनीच बांधलेला."

अक्कलकोटातल्या अण्णांच्या या कापडदुकानात निम्मं गिऱ्हाईक कर्नाटकातलं. बस्ता बांधला की नवरीचं गाव वहीत लिहायचं, ही वडिलांपासूनची रीत. गेल्या वर्षी एक शहरी पाहुणा आला. "इतक्या लांबून लोक येतात तुमच्याकडं?" त्यानं विचारलं. अण्णांनी चहा मागवला आणि कौतुकानं ती वही त्याच्यापुढं उघडली. तो पानामागून पान मोबाइलमध्ये टिपत गेला. पुढं त्या नव्या शोरूमच्या उद्घाटनाच्या फोटोत तोच मालकांशेजारी हसत उभा दिसला.

अण्णांनी साड्या पिशव्यांतून काढून पांढऱ्या कापडात ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, वडिलांसारखीच गाठ मारली.

"आणि वहीत आमचं गाव?" गौराक्कांनी आठवण करून दिली.

अण्णांचा हात वहीवर गेला आणि तिथंच थांबला. "त्या शोरूमवाल्यांना तुमच्या गावाची वाट या वहीनंच दाखवली, अक्का."