हत्तींची जोडी

बाळ झोपलं की ती कानातल्यांसाठी पॉलिमर क्लेचे इवलेसे हत्ती वळायची, डोळ्यांच्या जागी मणी बसवायची. जोडीतले दोन्ही हत्ती तंतोतंत जुळेपर्यंत भाजायला ठेवायची नाही. आज तिचं पहिलंच प्रदर्शन. निदान एक जोडी तरी जावी, एवढंच तिला वाटत होतं.

"मशीनचे दिसतात," एक बाई म्हणाल्या. "हातानं इतकं सारखं कुठं येतं?"

"अहो ताई, मीच केलेत. एकेका जोडीला आठवडा जातो."

"सगळ्या असंच सांगतात गं." बाईंनी शेजारच्या टेबलावरची जोडी उचलली. "हे बघ, करणाऱ्याचा अंगठा उमटलाय. याला म्हणतात हातकाम."



त्या टेबलामागच्या विक्रेतीनं हसून आणखी जोड्या दाखवायला खोकं उघडलं. आत तसलेच शेकडो हत्ती होते, आणि प्रत्येकाच्या पोटावर, नेमक्या त्याच जागी, तोच अंगठा होता.