ढोलावरची बाई

रिटायर झालेले पंजाबराव रोज संध्याकाळी लाल तळवे घेऊन घरी येऊ लागले, तेव्हापासूनच सत्यभामाबाईंना संशय होता. त्यात पाकिटात एका नटलेल्या बाईचा जुना फोटो सापडला. एक दिवस त्या मागोमाग रिसालीच्या मैदानावर पोचल्या. वीस ढोल एका ठेक्यात घुमत होते आणि त्यांत नवरा लहान पोरासारखा हसत वाजवत होता. प्रत्येकाने आपल्या लाडक्या कलावंताचा फोटो ढोलावर लावला होता. पंजाबरावांच्या ढोलावर तीच बाई!

"कोण हाये हे भवानी?"

"माह्ये बाबा," पंजाबराव खालमानेनं म्हणाले. "खडी गमतीच्या नाटकात बाईचं सोंग घेत. तुले सांगाची हिंमतच नाही झाली."

लग्नाआधीच वारलेल्या सासऱ्यांसमोर सत्यभामाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.