उजव्या बाजूची फट

आमचं स्कीइंगच्या सामानाचं दुकान. आई मागे बसून हातमोज्यांच्या जोड्या जुळवते, गॉगल मी बघतो. पट्टा न लावता गॉगल चेहऱ्यावर हलकेच दाबायचा आणि हात काढून घ्यायचा. क्षणभर टिकला तर तो आपला. फट राहिली की श्वासाची वाफ आत शिरते आणि काच धुरकट होते.

आज आलेल्या कॉलेजच्या मुलीला एकही बसेना. नाकाचं हाड मधेच डावीकडे वळलेलं, त्यामुळे बाराव्या गॉगललाही उजवीकडे फट.

"राहू दे दादा," ती हसून म्हणाली. "आमच्या घराण्याचं नाकच वाकडं. बाबा तिथे स्पंजची कोर कापून चिकटवतात, मग वाफ धरत नाही."

माझा हात आपोआप माझ्या नाकाकडे गेला. अशीच कोर मला बाबांनी कापून दिली होती, मी सात वर्षांचा असताना. त्याच हिवाळ्यात ते बर्फाखाली गाडले गेले. देहसुद्धा मिळाला नाही, असं आईनं सांगितलं होतं.

"कुठे असतात तुझे बाबा?" मी कसंबसं विचारलं.

"बाहेर गाडी लावतायत. येतीलच."

मी आईकडे वळलो. ती केव्हाच उठली होती. तिनं पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"बाळ, मागच्या दारानं जा. आणि बाबांना सांग, या गावात पाऊल टाकायचं नाही असं आमचं ठरलं होतं."