खालून आलेला ठोका

मृतांची जागा राखणे हा धर्म आहे आणि जिवंतांना पाणी मिळावे हाही धर्मच आहे. या दोहोंतील निवड थकलेल्या माणसावर येऊ नये. ती माझ्यावर आली. मालेगावजवळच्या माळावर प्राचीन दफनांभोवती रचलेली शिळावर्तुळे आहेत. सरकारने ती संरक्षित ठरवून देखरेख माझ्याकडे दिली. दगड न्यायला येणाऱ्यांना मी सहा वर्षे हात जोडून परत पाठवीत होतो.

त्या दुपारी नानाजी पाटील गफ्फार पाथरवटाला घेऊन आले. त्यांची विहीर ढासळत होती आणि बांधायला दगड नव्हता.

"शास्त्रीबुवा, मेलेल्याले कायले पाह्यजे एवढे धोंडे? इथं जित्यायले घोटभर पाणी नाई."

"कायद्याने मनाई आहे," मी म्हणालो; पण या वेळी आडवा गेलो नाही.

फोडण्यापूर्वी पाथरवट दगडावर एक हलका ठोका देतो आणि कान लावून आतली चीर ऐकतो. गफ्फारनेही तसेच केले. थोड्या वेळाने खालून एक ठोका आला.

"पोकळ असन," नानाजी म्हणाले.

गफ्फारने हातोडी खाली ठेवली, कान मात्र उचलला नाही. खालून आणखी एक ठोका आला. मग सारे शांत झाले.

"थांबला का?" मी विचारले.

"नाई पंडितजी. हा कारागिराचा हात हाय. ठोका देऊन तो आता कान लावून राह्यला. फोडायच्या आधी मी लावतो तसा."

नानाजींच्या विहिरीला पाणी लाभो, गफ्फारचे हात सुखरूप राहोत, आणि जो ऐकत आहे त्यालाही शांती मिळो.